पिक्चर ट्यूबवर लगोरी: जुन्या व्हिडिओ गेमसाठी स्वतःचा गेम कसा करावा

कराडात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती म्हणजे हल्ली बहुतेक एलईडीच्या पट्ट्या बदलणं. पण मागच्या फळीवर पिक्चर ट्यूबचा एक चौदा इंची सेट मी अजून जिवंत ठेवलाय आणि त्याला नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम जोडलाय. तोच, पिवळ्या कॅसेटींचा. कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेलं असायचं आणि आत सात-आठच निघायचे, फिरून फिरून. त्या यंत्रावर मी लगोरी बनवली. दीड वर्ष लागलं, त्यातलं निम्मं चुका करण्यात गेलं. त्या चुकांसकट सांगतो.

आपल्याकडचे ते डबे म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला; अमेरिकेत १९८५ पासून त्यालाच एनईएस म्हणू लागले. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ, आणि कामाची मेमरी फक्त २ केबी. व्हॉट्सअॅपवर येणारा एक 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. साध्यातल्या साध्या कॅसेटमध्ये ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं बसतात. कमी वाटतं? १९८५ चा सुपर मारिओ एवढ्यातच बसवलाय. त्यातले ढग आणि झुडपं नीट बघा: आकार एकच, फक्त रंग बदललेत.

म्हणून संगणक सुरू करायच्या आधी आलेखाची वही घ्या. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा असतो, आणि तो ८ बाय ८ च्या फरश्यांनी भरायचा असतो: आडव्या ३२, उभ्या ३०. वहीत तेवढी चौकट आखा आणि आपला गेम त्या एका चौकटीत मावतोय का बघा. पहिला गेम एकाच पडद्याचा ठेवा. सरकता पडदा, दहा लेव्हल, शेवटी राक्षस, असलं काही मनात असेल तर ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. वरच्या एक-दोन ओळी जुन्या टीव्हीवर कडेखाली जातात, त्यामुळे गुण तिसऱ्या ओळीत लिहा.

फरशांना रंग देताना एक अट आहे. मागच्या चित्रात १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनाला रंगांचा एकच संच मिळतो: तीन रंग आणि सगळ्यांना सामाईक असा चौथा. असे संच चारच. ही अट मला देवनागरीत नाव लिहिताना उपयोगी पडली. आठ ठिपक्यांत 'ल' वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला चार फरशा दिल्या आणि वेलांटी, मात्रांसाठी वर आणखी एक ओळ ठेवली. शिरोरेषा फरशीच्या कडेपर्यंत नेली की पुढच्या अक्षराला आपोआप जुळते. पूर्ण मुळाक्षरं काढत बसू नका. मागच्या चित्राला एकूण २५६ फरशाच मिळतात, तेव्हा जे शब्द दिसणार आहेत तेवढेच काढा. माझ्याकडे 'लगोरी', 'खेळा' आणि 'फुटली' एवढेच आहेत. जोडाक्षर मुद्दाम एकही ठेवलं नाही.

हत्यारं सगळी फुकट मिळतात. सी भाषेतला प्रोग्रॅम या प्रोसेसरच्या भाषेत उतरवायला सीसी६५, चित्रांसाठी नेक्स्ट किंवा वायवाय-सीएचआर, आवाजासाठी फॅमीस्टुडिओ, आणि चालवून बघायला मेसेन हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. मी आधी थेट असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका सूचनेच्या भाषेत, लिहायला बसलो, अडकलो, मग सी भाषेत आलो. शिरू या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने केलेली नेसलिब घेतली की बटणं वाचणं, पडद्यावर चित्र टाकणं ही रोजची कामं तयार मिळतात. मात्र सी लिहिताना संगणकावरच्या सवयी सोडा. ० ते २५५ मध्ये मावणारा आकडा असेल तर एका बाइटचा अनसाइन्ड कॅर हा प्रकारच वापरा, फंक्शनच्या आत व्हेरिएबलं करण्यापेक्षा ती बाहेर ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला सामाईक, ठेवा. गुणाकार-भागाकाराची सूचना या प्रोसेसरला नाहीच. चेंडूच्या उडीची उंची मी हिशोबाने न काढता तक्त्यात लिहून ठेवलीय.

हलणाऱ्या चित्रांना स्प्राइट म्हणतात. एका वेळी ६४ मिळतात, पण एका आडव्या रेषेवर फक्त आठ. नववा दिसतच नाही. लगोरीत नेमकी इथे पंचाईत झाली. सात दगड फुटून जमिनीवर पसरले, प्रत्येक दगड दोन स्प्राइट रुंद, म्हणजे झाले चौदा. त्यात दोन पोरं आणि चेंडू. निम्मे दगड गायब! बरेच गेम यावर स्प्राइटांचा क्रम दर फ्रेमला, म्हणजे पडद्याच्या प्रत्येक नव्या चित्राला, बदलतात, मग चित्र लुकलुकतं पण दिसतं. मला ते लुकलुकणं आवडलं नाही. शेवटी सोपं सुचलं: पडलेला दगड हलत नाही, मग तो स्प्राइट कशाला? उडताना स्प्राइट, पडला की मागच्या चित्रातली फरशी. दगडाला फरशीच्या रेघेवरच थांबावं लागतं, एवढी तडजोड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीव्हीत किरण वरून खाली चित्र रंगवत येतो आणि तळाला पोचला की पुन्हा वर जातो. त्या परतीच्या वेळातच चित्राच्या मेमरीला हात लावायचा. किरण रंगवत असताना लिहिलंत तर पडद्यावर कचरा दिसतो. हा वेळ प्रोसेसरच्या साधारण २२७० सायकलींचा, म्हणजे ठोक्यांचा, असतो, आणि त्यातल्या ५१३ स्प्राइटांची यादी पाठवण्यातच जातात. उरलेल्यात फरशांच्या दोन ओळी निवांत बदलता येतात. पूर्ण पडदा बदलायचा असेल तर आधी चित्र बंद करा, बदला, मग चालू करा.

इथे मी चांगलाच आपटलो. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारे (अमेरिकेत ६०), म्हणून मेसेनमध्ये मी यंत्र पाल निवडलं. तिथे लगोरी झकास चालली. फळीवरच्या सेटवर मात्र दगड फुटले की चित्र उडी मारायचं. स्वभाव दुरुस्तीचा, त्यामुळे मी सेट उघडला, व्हर्टिकलची आयसी बदलली, शेजारचा कपॅसिटर बदलला. चित्र उडतच राहिलं. कारण वेगळंच होतं. युरोपातल्या खऱ्या पाल एनईएसमध्ये परतीचा वेळ ७० रेषांचा असतो, म्हणजे किरणाला तेवढ्या आडव्या रेषा काढायला लागेल एवढा. ५० हर्ट्झच्या नकली डब्यांत चित्र संपल्यावर ५१ रेषा नुसत्याच जातात आणि प्रोग्रॅमला इशारा मिळतो तो शेवटच्या २० रेषांसाठी. मी ७० च्या भरवशावर आठ ओळी बदलत होतो. रशियात खपलेल्या अशाच नकलेच्या नावावरून या प्रकाराला डेंडी म्हणतात, आणि मेसेनमध्ये तो पर्याय वेगळा आहे. आपल्याकडच्या डब्यासाठी करत असाल तर पहिल्या दिवसापासून डेंडी निवडा.

दुसरी खोड मेमरीची. एम्युलेटर सुरू होताना मेमरी शून्याने भरलेली देऊ शकतो. खऱ्या यंत्रात काहीही पडलेलं असतं. असेम्ब्लीतल्या माझ्या पहिल्या प्रयत्नात मी मेमरी पुसलीच नव्हती. भाच्याने सेट लावला तर त्याला १८३ डाव मिळाले. त्याची काहीच तक्रार नव्हती. नेसलिब सुरुवातीलाच मेमरी साफ करते, पण असेम्ब्लीत लिहिणार असाल तर ते काम तुमचं. मेसेनमध्ये मेमरी मुद्दाम कचऱ्याने भरायची सोय आहे, ती चालू ठेवा.

खऱ्या डब्यावर चालवायला एव्हरड्राइव्हसारखी फ्लॅश कॅसेट सोपी पडते: मेमरी कार्डावर फाइल टाका आणि लावा. घेताना ६० पिनांची बघा. अमेरिकी एनईएसची कॅसेट ७२ पिनांची असते, ती आपल्या डब्यात जाणार नाही. जुनी पिवळी कॅसेट फोडून आयसी बदलायचा विचार असेल तर सोडा. बहुतेकींत आयसी नसतेच, काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो.

आवाज शेवटी केला. सूर फ्रेम मोजून वाजतात, त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बसवलेला सूर ५० वर सुमारे सहाव्या हिश्श्याने रेंगाळतो. माझ्या गेममध्ये सूर एकच, सातवा दगड रचला की वाजणारा. तो मी फळीवरच्या सेटवर ऐकून बसवला. अमेरिकी वेगावर तो घाईत वाजतो, आणि मी तो तसाच ठेवलाय.