कुसुमाग्रजांवरची समीक्षा कॅटलॉगमध्ये अशी सापडली

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी कुसुमाग्रजांवरची समीक्षा हवी होती. त्यांच्याच नाशिकमध्ये ती मिळेना, याची फार रुखरुख लागली. ग्रंथालयाच्या संगणकावर ‘लेखक’ रकान्यात नाव टाकलं की नुसते कवितासंग्रह यायचे. चूक तिथंच होती. त्या रकान्यात त्यांनी लिहिलेली पुस्तकं येतात, त्यांच्यावर लिहिलेली नाहीत. ‘विषय’ रकाना निवडल्यावर समीक्षा दिसू लागली, पण नाटकांवरची नाहीच. कविता ‘कुसुमाग्रज’ नावानं, नाटकं वि. वा. शिरवाडकर नावानं, म्हणून नोंदीही विभागलेल्या! ‘शिरवाडकर’ टाकलं, मग रोमन लिपीतही टाकून पाहिलं. हवे ते ग्रंथ आले. क्रमांक टिपून कपाटापाशी गेले. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्या फळीवर शेजारीच आणखी दोन उपयोगी पुस्तकं मिळाली.