अमेरिकेतल्या घरी येणारं फालतू टपाल: या चुका टाळा

इथे कुठल्याही मराठी घरी जा, किचन काउंटरवर कागदांचा गठ्ठा असतोच, क्रेडिट कार्डाच्या ऑफर, गटार साफ करणाऱ्याचं कुपन, सहा वर्षांपूर्वीच्या भाडेकरूच्या नावाचे कॅटलॉग. बंद करायला जातात सगळे पण चुकीच्या ठिकाणी.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे 'रिटर्न टू सेंडर' लिहून परत टाकणं. स्टँपच्या जागी पीआरएसआरटी एसटीडी छापलेलं असेल तर ते स्वस्त दरातलं घाऊक टपाल, परतीचे पैसे त्यात धरलेलेच नसतात, त्यामुळे पोस्टवाले ते सरळ फेकतात आणि पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. फर्स्ट क्लास असेल आणि न उघडता 'रिफ्यूज्ड' लिहिलं तरच परत जातं.

प्री-अप्रूव्ड कार्डांच्या ऑफर वेगळ्याच वाटेने येतात, क्रेडिट ब्युरो (तुमच्या कर्ज-उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) तुमचं नाव विकतात म्हणून. त्यासाठी ऑप्टआउटप्रीस्क्रीन डॉट कॉम किंवा ८८८-५६७-८६८८. सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात म्हणून लोक घाबरून टॅब बंद करतात (मीपण केलेला), पण ही ब्युरोंचीच अधिकृत साइट आहे. ऑनलाइन ५ वर्षांसाठी बंद होतं. कायमचं हवं तर फॉर्म प्रिंट करून सही करून पोस्टाने पाठवावा लागतो, आणि तो फॉर्म प्रिंटरवरच पडून राहतो हे मी स्वतःच्या घरात बघितलंय!! शिवाय ज्या बँकेत आधीच खातं आहे तिच्या ऑफर याने थांबत नाहीत, तिला वेगळा फोन करा. आणि छापून झालेलं टपाल पुढे काही आठवडे येतच राहतं, म्हणून लगेच 'चालत नाही' म्हणू नका.

आता आपली खास भानगड, नाव. कुठे मिडल नेममध्ये वडिलांचं नाव, कुठे नवऱ्याचं, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे माहेरचं आडनाव. जाहिरातवाल्यांच्या यादीत ही चार वेगळी माणसं असतात. डीएमएचॉईसवर (जाहिरातींचं टपाल कमी करून घ्यायची नोंदणी साइट) थोडी फी भरून १० वर्षांची नोंदणी होते, पण एकच स्पेलिंग देऊन गप्प बसलात तर बाकीचे तीन जण कॅटलॉग मागवतच राहतात. कॅटलॉग कंपनीला फोन करताना मागच्या लेबलवरचा कस्टमर नंबर वाचून दाखवा, मग नेमकी नोंद सापडते.

घर बदलताना पोस्टात पर्मनंट चेंज ऑफ ॲड्रेस भरला की जुना पत्ता असलेल्या कंपन्यांना नवा पत्ताही मिळतो. टेंपररी भरला तर तसं होत नाही, फक्त मुदत संपायच्या आत बँक, इन्शुरन्स वगैरेंना स्वतः कळवा.

आधीच्या भाडेकरूच्या पत्रांवर 'नॉट ॲट धिस ॲड्रेस' लिहून परत मेलबॉक्समध्ये ठेवा, पण त्याच्या वतीने पत्ता बदलायचा फॉर्म भरू नका, तो गुन्हा आहे. नावापुढे 'ऑर करंट रेसिडेंट' (म्हणजे 'किंवा सध्या इथे राहणारा') असेल तर रीसायकलचा डबा, दुसरं काय.

एखादा पाठवणारा अजिबात ऐकत नसेल तर त्याचं टपाल बंद करायला पोस्टाचा फॉर्म १५००. हा आहे खरा अश्लील जाहिरातींसाठी, पण अश्लील काय ते पत्र ज्याला आलं त्यानेच ठरवायचं असं सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये सांगून ठेवलंय. गादीची जाहिरात तुम्हाला अश्लील वाटली तर वाटली, पोस्टमास्तर वाद घालू शकत नाही.