नाचताना तोंडावरून घामाच्या धारा लागतात? हे करून बघा

माझं दुसऱ्या गाण्यालाच सुरू होतं, आधी वरच्या ओठावर थेंब, मग कपाळ, आणि मग भुवईवरून थेट डोळ्यात, की चुरचुरलंच, कारण घामात मीठ असतं ना. तर पहिलं म्हणजे घाम पुसू नका, टिपा. खसाखसा पुसलं की चेहरा लालभडक होतो आणि मेकअप असेल तर त्याचा पार चिखल. मऊ सुती रुमाल दोन ठेवा, एक ओला झाला की दुसरा. केस वर बांधा, कपाळाला हेडबँड लावा, दिसायचं ते दिसू दे. दर दोन-तीन गाण्यांनी बाहेर हवेत या, गार पाण्याची बाटली मानेला लावा, घोट घोट प्या. दारू आणि कॉफीने घाम वाढतो, सो जरा जपून.

अँटीपर्स्पिरंट, म्हणजे घाम येणंच कमी करणारं, चेहऱ्यालाही चालतं, पण सौम्यच घ्या, आदल्या रात्री कोरड्या कपाळावर, डोळ्यांपासून लांब, आणि आधी कानामागे थोडं लावून बघा. नुसतं डिओ काही कामाचं नाही, ते फक्त वासासाठी. आणि गप्प बसलेलं असतानाही असाच घाम गळत असेल तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, त्यावर औषधं आहेत, बोटॉक्सची इंजेक्शनंही देतात.