डोमेनचं नाव आधी फोनवर सांगून बघा

वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं नाव, पक्कं करण्याआधी ते कुणाला तरी फोनवर सांगा आणि नुसतं ऐकून टाइप करायला लावा. मराठी नावांची गोची इथेच होते. ‘गावरान’ रोमन अक्षरांत लिहिताना मध्ये व्ही की डब्ल्यू? शेवटी ए एक की दोन? समोरचा अडखळला तर नाव बदला, नाहीतर दोन्ही स्पेलिंगं घेऊन ठेवा. मधली आडवी रेघ टाळा, बोलताना ती हमखास राहते.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी होते. म्हणून पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आणि कळकळीने सांगते, नोंदणी स्वतःच्याच नावावर आणि ईमेलवर करा, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे.