पासवर्ड मॅनेजर निवडताय? या चुका टाळा

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, कोणता घ्यावा असं कुणी विचारलं, की आधी त्यालाच एक प्रश्न विचारावा. उद्या नाशिकच्या रविवार कारंज्याच्या गर्दीत तुमचा फोन गेला, तर परवा नव्या फोनवरून तुम्ही त्या मॅनेजरमध्ये शिरणार कसे? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, त्याने कुठलाही नावाजलेला मॅनेजर घेतला तरी चालेल. ज्याच्याकडे नाही, तो सगळ्यात महागडा घेऊनही अडकेल.

निवडताना लोक बघतात ते भलतंच. 'मिलिटरी ग्रेड' हे शब्द जाहिरातीत असतातच. एईएस-२५६ एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी माहिती कुलूपबंद करायची पद्धत, जवळपास सगळेच नामांकित मॅनेजर वापरतात, त्यामुळे तेवढ्यावरून डावं-उजवं ठरत नाही.

पहिल्या जाहिरातीवर क्लिक करणं

गूगलवर नाव शोधलं की सगळ्यात वर दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते. ऑक्टोबर २०२३मध्ये 'कीपास' या मॅनेजरच्या नावाने अशी एक जाहिरात फिरत होती. ती ज्या साइटवर न्यायची तिच्या पत्त्यात पहिल्या अक्षराखाली एक बारीकशी खूण होती, बाकी सगळं हुबेहूब खऱ्यासारखं. डाउनलोड करणाऱ्याला मिळायचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर. फेब्रुवारी २०२४मध्ये तर ॲपलच्या ॲप स्टोअरवरच 'लासपास' नावाचं नकली ॲप सापडलं. 'लास्टपास' या मॅनेजरच्या नावातलं एक अक्षर बदललेलं. तेव्हा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, तिथल्या लिंकवरूनच स्टोअरमध्ये जा आणि ॲप कुणी बनवलंय ते नाव वाचा.

'क्रोममध्ये सेव्ह आहे ना!'

एकटा माणूस, एकच अँड्रॉइड फोन आणि स्क्रीन लॉक धड असेल, तर क्रोममधला गूगलचा मॅनेजर वाईट नाही. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा तो कितीतरी बरा. आयफोनवाल्यांना आयओएस १८बरोबर, म्हणजे सप्टेंबर २०२४पासून, 'पासवर्ड्स' हे वेगळं ॲपच मिळालंय. फक्त एक लक्षात ठेवा: फोनचा पिन ज्याला माहीत, त्याला हे सगळे पासवर्डही बघता येऊ शकतात. पोराला गेम खेळायला पिन सांगितला असेल तर विचार करा.

खरी गडबड होते दुकानात आणि ऑफिसात. अंबडच्या वर्कशॉपमधला हिशेबाचा कॉम्प्युटर किंवा कॅनडा कॉर्नरवरचं कर सल्लागाराचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. विंडोजला पासवर्ड नाही, क्रोम मालकाच्या जीमेलने उघडलेलं आणि त्या खुर्चीवर दिवसभरात चार जण बसून उठणार. त्यातल्या कुणालाही मालकाचं जीएसटी पोर्टल उघडायला काही माहीत असण्याची गरजच नाही. इथे प्रत्येकाला वेगळा विंडोज युजर हवा आणि काही मिनिटांत आपोआप लॉक होणारा मॅनेजर हवा. लॉकची वेळ मात्र सेटिंगमध्ये जाऊन स्वतः तपासा. ब्राउझर बंद होईपर्यंत मॅनेजर उघडाच राहील, अशी मुभा बऱ्याचदा सुरुवातीपासून दिलेली असते.

महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मुलं सेवा केंद्रात जातात, तिथेही तेच. ब्राउझर विचारतो 'सेव्ह करू का?', मागे रांग असते, घाईत 'हो' दाबलं जातं आणि पासवर्ड केंद्राच्या कॉम्प्युटरवर राहतो. परक्या मशीनवर इनकॉग्निटो खिडकी (बंद केल्यावर ब्राउझरमध्ये नोंद न ठेवणारी) उघडायची, आणि आपला मॅनेजर तिथे उघडायचाच नाही. फोनवर पासवर्ड बघायचा आणि हाताने टाइप करायचा. कंटाळवाणं आहे, पण तेच बरोबर आहे.

मग घ्यायचा कोणता?

घरात विंडोजचा लॅपटॉप, कुणाचा अँड्रॉइड, कुणाचा आयफोन अशी सरमिसळ असेल तर मी बिटवॉर्डन सुचवेन. फुकट खात्यातही हवे तेवढे पासवर्ड आणि हवी तेवढी उपकरणं चालतात, प्रोग्रामचा कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे, आणि दोघांना काही पासवर्ड सामाईक ठेवायचे असतील तर तेही फुकटात जमतं. कंपनीच्या सर्व्हरवर काही ठेवायचंच नसेल तर कीपासएक्ससी आहे: सगळे पासवर्ड आपल्याच कॉम्प्युटरवरच्या एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये. पण त्या फाइलचा बॅकअप ही मग तुमची जबाबदारी. आजवर ज्यांनी कधी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला नाही, त्यांनी इकडे वळू नये. वनपासवर्डला कायमचं फुकट खातं नाही, पण घरातल्या एखाद्याचा मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडायचा पासवर्ड, हरवला तर कुटुंब खात्याचा प्रमुख त्याला परत आत घेऊ शकतो. घरात विसरभोळी माणसं असतील तर पैसे देण्याइतकी ही सोय मोलाची आहे.

कोणताही घ्या, पासवर्ड बाहेर काढता येतात का हे पहिल्याच दिवशी बघा. मार्च २०२१मध्ये लास्टपासने फुकट खात्यांना एकतर फोन नाहीतर कॉम्प्युटर, असा एकच पर्याय ठेवला. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर या ॲपने ऑगस्ट २०२५पासून त्यात साठवलेले पासवर्ड दाखवणंच बंद केलं. मोठ्या कंपन्यासुद्धा बेत बदलतात. 'एक्सपोर्ट'चं बटण कुठे आहे ते माहीत असलेलं बरं.

गाडीचा नंबर हाच मास्टर पासवर्ड

बाकी सगळे पासवर्ड मॅनेजर तयार करतो. हा एक तेवढा आपण ठरवायचा, आणि नेमका तोच लोक कच्चा ठरवतात. एमएच १५ने सुरू होणारा गाडीचा नंबर, गावाच्या नावापुढे ४२२००१ हा पिनकोड, मुलीचं नाव आणि जन्मसाल. अभंगाची किंवा आरतीची ओळही नको. जी लाखो लोकांच्या तोंडी आहे तिचा अंदाज लावायला किती वेळ लागणार?

हे किती महागात पडतं ते २०२२च्या लास्टपास प्रकरणात दिसलं. चोरांनी ग्राहकांच्या पासवर्ड-साठ्यांच्या बॅकअप प्रतीच उचलल्या. पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, साइटचे पत्ते मात्र उघडे होते. अशी प्रत एकदा हाती आली की 'तीन चुकांनंतर खातं बंद' वगैरे अडथळा राहत नाही. चोर आपल्या मशीनवर सवडीने अंदाज लावत बसतो. मास्टर पासवर्ड लांब आणि अंदाज न लावता येणारा असेल तर त्याच्या हाती काही लागत नाही. आठ अक्षरांचं नाव-साल असेल तर आज ना उद्या लागतं.

उपाय म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा शब्द. ते मनाने निवडू नका, मन फिरून फिरून ओळखीच्या शब्दांवरच येतं. १९९५पासून वापरात असलेल्या डाइसवेअर पद्धतीत पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एकेक शब्द उचलतात. मराठीत करायचं तर जाडजूड शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा: उखळ, बिब्बा, पागोटं, असं काहीही निघेल, आणि ते तुमच्या लक्षातही राहील. मात्र ते रोमन लिपीत टाइप करताना एक अडचण येते. 'तांब्या'मध्ये 'ए' एक की दोन? आज एक लिहाल, सहा महिन्यांनी दोन, आणि मॅनेजर म्हणेल पासवर्ड चुकीचा. म्हणून स्पेलिंग पहिल्याच दिवशी कागदावर पक्कं करा. देवनागरीत मास्टर पासवर्ड ठेवायचा मोह टाळा. परक्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसतो, आणि असला तरी तुमच्या सवयीचा नसतो.

तो कागद फाडायचा नाही. घरातल्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा. पासवर्ड लिहून ठेवू नये हा सल्ला मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीसाठी होता. त्या कागदाचा फोनने फोटो काढणं आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं, हे मात्र नको.

किल्ली आत, आपण बाहेर

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे होते आणि निवड करताना कुणी याकडे बघत नाही. फोन हरवतो. नवीन फोनवर बिटवॉर्डन टाकता, मास्टर पासवर्ड अचूक देता. २०२५पासून, टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू नसेल तर, नवं उपकरण दिसताच ते ईमेलवर एक कोड पाठवतं. ईमेल उघडायला जाता, तर त्याचा पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये! समजा तो आठवला, तरी जीमेल म्हणतं की तुमच्या फोनवर 'हो' दाबा. फोन तर गेलेला. सिमही त्याच फोनमध्ये होतं, त्यामुळे एसएमएसही येणार नाही.

हे चक्र आधीच तोडून ठेवा. मास्टर पासवर्डसोबत ईमेलचा पासवर्डही पाठ हवा, दोन्ही वेगवेगळे. गूगल खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात: आठ-आठ आकड्यांचे दहा, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून त्याच कागदासोबत ठेवा. मॅनेजरला टू-स्टेप लावलं असेल तर त्याचा रिकव्हरी कोडही तिथेच. आणि हे सगळं जमतं का ते फोन हातात असतानाच तपासा. घरातल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, आपल्या फोनला हात न लावता, आत जाऊन बघा. जमलं नाही तर काय राहिलं ते तेव्हाच कळेल.

ऑटोफिल होत नाही म्हणून कॉपी-पेस्ट

मॅनेजर पासवर्ड आपोआप भरत नाही (ऑटोफिल होत नाही) तेव्हा आधी थांबायचं. तो साइटचा पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड पुढे करत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. 'आज रात्री वीज तोडली जाईल' अशा मेसेजमधल्या लिंकवर बिलाचं पान अगदी खरं दिसतं. आपला डोळा फसतो, मॅनेजर फसत नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी पंचवटी-त्र्यंबकच्या खोल्यांचं बुकिंग करतानाही ही सवय कामी येईल. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, शंका आली तर पान बंद करा. पासवर्ड टाकून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

पत्ता खरा असूनही भरत नसेल, तर कारणं साधी असतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'ऑटोफिल' शोधून तिथे आपला मॅनेजर निवडलाय का ते बघा. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालणारी ॲप बंद केली जातात. मॅनेजरला त्यातून सूट द्या. आयकराच्या पोर्टलवर आधी पॅन मागतात आणि पासवर्ड पुढच्या पानावर. तिथे दुसऱ्या पानावर पुन्हा एकदा मॅनेजरचं बटण दाबावं लागतं. काही बँका पेस्टच करू देत नाहीत. तिथे फोनकडे बघत टाइप करण्याशिवाय इलाज नाही, आणि म्हणून बँकेसाठी चिन्हांच्या जंगलापेक्षा शब्द जोडून केलेला पासवर्ड बनवलेला बरा.

एटीएमचा पिन आणि यूपीआय पिन मॅनेजरमध्ये घालू नका. ते पाठ करायचे आकडे आहेत.

अजून एक नेहमीचा घोळ म्हणजे एकाच फोनवर दोन मॅनेजर. गूगल विचारतो 'सेव्ह करू?', बिटवॉर्डनही विचारतो. कधी इकडे हो, कधी तिकडे. चार महिन्यांनी नवा पासवर्ड एकात, जुना दुसऱ्यात, आणि खातं लॉक. एक ठरवा, दुसऱ्याचं सेव्हिंग बंद करा.

आणि पासवर्ड बदलताना मॅनेजरने वीस अक्षरांचा दिला, तुम्ही सेव्ह केला, पण साइट म्हणाली 'फक्त बारा अक्षरं', असंही होतं. मॅनेजरमध्ये मग असा पासवर्ड राहतो जो साइटने कधी घेतलाच नव्हता. अशा वेळी घाबरून 'फरगॉट पासवर्ड' दाबण्याआधी त्या नोंदीचा पासवर्ड इतिहास उघडा. जुना तिथे सापडतो.

सीएसव्ही फाइल डाउनलोडमध्ये पडून

जुन्या मॅनेजरमधून नव्यात जाताना पासवर्डची सीएसव्ही फाइल बनते. ती साधी, कुणालाही वाचता येणारी यादी असते. काम झालं की ती डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपवर ती सापडू नये. शिफ्टिंग झाल्यावर सगळे पासवर्ड एका रविवारी बदलायचा चंगही बांधू नका, दुपारपर्यंत कंटाळून सोडाल. ईमेल, बँक आणि ज्या खात्यांना मिळून एकच पासवर्ड आहे ती आधी. बाकीची जसजशी उघडाल तसतशी.

घरात फक्त एकालाच माहीत

विजेचं बिल, विम्याचे हप्ते, मुलांच्या शाळेचं ॲप, डिमॅट. बहुतेक घरांत हे सगळं एकाच्या फोनमध्ये असतं. तो माणूस दवाखान्यात असला की बाकीचे हतबल. बिटवॉर्डनच्या पैसे भरून घ्यायच्या खात्यात 'इमर्जन्सी ॲक्सेस' आहे: विश्वासातल्या माणसाने मागणी केली आणि तुम्ही ठरवलेल्या दिवसांत नकार दिला नाहीत, तर त्याला दार उघडतं. त्या माणसाचं खातं फुकटचं असलं तरी चालतं. कालावधी ठेवताना फार काटेकोर होऊ नका. तीस दिवस ठेवलेत तर दवाखान्याचं बिल भरायच्या वेळी त्याचा उपयोग शून्य. एक-दोन दिवस पुरेत. आणि आई, बायको किंवा भाऊ, ज्याला नेमाल त्याच्या फोनवर ते ॲप आजच टाकून द्या, कारण ईमेलवर आलेलं आमंत्रण त्यांनी स्वीकारल्यावर तुम्हाला त्यांचं नाव पुन्हा पक्कं करावं लागतं, आणि ही दुसरी पायरी लोक विसरतात.