स्त्रियांमधील एट्रियल फिब्रिलेशन : नाडी पाहण्यापासून गोळी सांभाळण्यापर्यंत

कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी बाई "जीव घाबरल्यासारखा होतो, हातापायांत त्राण राहत नाही" असे सांगते, तेव्हा घरातले आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही उत्तर ठरलेले असते : रक्त कमी आहे, पाळी जायचे वय आहे, टेन्शन घेतले आहे. ही कारणे खरी असू शकतात. विदर्भात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आढळतात. तरीही त्यांवर थांबण्याआधी एक मिनिट नाडी पाहावी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरत राहतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा होतो. स्त्रियांमध्ये या विकाराची तक्रार अनेकदा थकवा, धाप आणि अशक्तपणा अशीच येते, म्हणून निदान लांबते. समान वयाच्या पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. परंतु तो झालेल्या वयस्क स्त्रियांना लकव्याचा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात 'सर्च' संस्थेने केलेल्या अभ्यासात लकवा हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले होते.

नाडी पाहण्यासाठी बाईला पाच मिनिटे शांत बसवावे, बांगड्या मागे सारून अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे हलकी टेकवावीत आणि पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा आहे. ठोके कधी जवळ, कधी लांब, कधी जोरात, कधी पुसट आणि कोणत्याही क्रमाविना येत असतील, तर त्याच दिवशी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नसल्यास ग्रामीण रुग्णालय गाठावे. धडधड चालू असतानाच पोहोचता आले तर उत्तम. ती येऊन-जाऊन होत असेल, तर एक ईसीजी चांगला निघाला म्हणून विषय संपत नाही. २४ तास सलग ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीबद्दल विचारावे.

निदान झाल्यावर थायरॉईडची तपासणी आणि हृदयाची इको (सोनोग्राफी), या दोन गोष्टी आग्रहाने मागाव्यात. थायरॉईडचे विकार स्त्रियांत अधिक असतात आणि वाढलेला थायरॉईड हृदयाचा ताल बिघडवतो. इको त्याहूनही महत्त्वाची आहे. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, हे आईला किंवा मोठ्या बहिणीला विचारावे. त्या संधिवाती तापामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद होते, ते प्रमाण स्त्रियांत जास्त आहे आणि अनेकींना ते पहिल्या बाळंतपणातच कळते. झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, तर रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा असिनोकूमॅरॉल हेच औषध द्यावे लागते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबान हे नवे औषध या जुन्या प्रकारच्या औषधांपेक्षा कमी पडले. जुन्या औषधावर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ दरम्यान राहावा लागतो. त्यासाठी पालेभाजी सोडू नये, प्रमाण मात्र सारखे ठेवावे. पावसाळ्यात तरोटा आणि इतर रानभाज्या रोजच ताटात येऊ लागल्या, तर आयएनआर एकदा लवकर तपासावा.

झडप चांगली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान यांसारखी नवी औषधे सोयीची ठरतात. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी लकव्याच्या धोक्याचा हिशेब करताना 'स्त्री' म्हणून मिळणारा स्वतंत्र गुण काढून टाकला आहे. म्हणजे केवळ स्त्री आहे म्हणून औषध नाही, पण वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी किंवा आधीचा लकवा असेल तर ते टाळूही नये. ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नव्हे. ॲपिक्साबानची मात्रा वजन ६० किलो किंवा कमी आहे एवढ्याच कारणाने घटवत नाहीत. वय ८० किंवा अधिक, असे वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. आपल्याकडच्या बारीक अंगाच्या बायकांना निष्कारण अर्धी मात्रा मिळू नये, म्हणून हे लक्षात ठेवावे.

पाळीत रक्तस्राव वाढला, तर लाजेपोटी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते आणि रक्तक्षयावर उपचारही होतो. मूल हवे असेल किंवा पाळी चुकली असेल, तर लगेच कळवावे, कारण वॉरफरिनने गर्भाला अपाय होऊ शकतो आणि नवी औषधे गरोदरपणात देत नाहीत. रोवणीनंतर कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणणेही धोक्याचे, कारण त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताल सुधारणाऱ्या काही औषधांचा, विशेषतः सोटॅलॉलचा, घातक दुष्परिणाम स्त्रियांत अधिक दिसतो. सुरू केल्यावर ईसीजी पुन्हा काढावा. ॲब्लेशनसाठी, म्हणजे नळीवाटे हृदयातील ताल बिघडवणारा भाग निकामी करण्याच्या उपचारासाठी, स्त्रियांना कमी वेळा आणि उशिरा पाठवले जाते. त्यात गुंतागुंतीचे प्रमाण त्यांच्यात थोडे जास्त असले, तरी "बाईमाणसाला एवढे कशाला" हे नकाराचे वैद्यकीय कारण नाही.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर वेळ लिहून ठेवून १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन असलेल्याच रुग्णालयात न्यायला सांगावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. असे रुग्णालय जवळ कुठे आहे, ते आजच विचारून औषधाचे नाव आणि घेण्याची वेळ यांच्यासह एका कागदावर लिहावे, आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवावा.