घरातल्या कॉम्प्युटर-राउटरला जोडणारी अडीच गिगाबिटची (सेकंदाला) नेटवर्क लाइन टाकावी का? आणि टाकायची तर कशी

इंटरनेटचा प्लॅन १०० किंवा ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) आणि कॉम्प्युटर एकच, तर अडीच गिगाबिटच्या स्विचवर (अनेक केबली जोडायचा डबा) पैसे घालू नका. इंटरनेट तसूभरही वाढणार नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आणि घरात स्टोरेज सर्व्हर ठेवणारे, यांना मात्र फरक लगेच दिसतो: एक गिगाबिटवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जातात, अडीचवर २८० च्या आसपास. तेही दोन्ही टोकांना एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) असेल तर. साधी हार्ड डिस्क त्याच्या आधीच दम टाकते.

एक गिगाबिटची वायर मात्र प्रत्येकाने टाकावी. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे वायफाय धड पोचत नाही.

केबल जळगावला गोलाणी मार्केटमध्ये घ्या नाहीतर धुळ्याला आग्रा रोडवर, पण शुद्ध तांब्याचीच घ्या. तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. कॅट-५ई, कॅट-६, कॅट-८ या केबलच्या चढत्या प्रती; ‘कॅट-८ घ्या’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. अडीच गिगाबिट कॅट-५ई वरही १०० मीटर जातं. मी कॅट-६ टाकतो; पुढे १० गिगाबिट केलं तरी ती ५५ मीटरपर्यंत चालते. गच्चीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची आउटडोअर केबलच हवी. आपल्या मे महिन्याच्या उन्हात साधं आवरण तडकतं.

विजेच्या वायरच्या पाइपातून ती नेऊ नका.

आता केबलच्या टोकाला बसवायचा आठ पिनांचा कनेक्टर. सगळं बिघडतं ते इथेच, आणि मलाही हात बसायला सर्वांत जास्त वेळ याच कामात लागला. आत एकमेकींभोवती पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. पहिल्या पिनपासून क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर फुटलेली दिसते, तिला ‘सरळ’ करायला जाऊ नका. ‘दोन्ही टोकांना सारखे रंग लावा, झालं’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. जोड्या ओळीने लावल्या तर केबल तपासायच्या स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण तो फक्त तार अखंड आहे का एवढंच पाहतो. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनला वेगवेगळ्या जोडीच्या तारा जातात, पीळ निरुपयोगी ठरतो आणि मोठी फाइल अडखळत जाते.

पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलंच पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर येत नाही. आठही टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसल्याशिवाय क्रिंपिंग टूल (कनेक्टर दाबून बसवायचा चिमटा) दाबू नका. दाबलेला कनेक्टर सुधारत नाही, कापून नवीनच लावावा लागतो.

मग विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० आलं तर राउटर बदलायला धावू नका. आधी त्याचा पोर्ट गिगाबिटचा आहे ना ते बघा. असेल, तर बहुतेक वेळा निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसलेली नसते, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. कनेक्टर कापा, पुन्हा लावा, आणि एक मोठी फाइल कॉपी करून वेग शेवटपर्यंत टिकतो का ते पाहूनच केबल भिंतीवरच्या पट्टीत बसवा.